हवाई सुंदरीचे वय

एअर इंडियाच्या सेवानियमांत ४६ क्रमांकाचा एक नियम होता. विमानातल्या पुरुष कर्मचाऱ्याला, म्हणजे असिस्टंट फ्लाइट पर्सरला, तो वयाच्या ५८व्या वर्षी निवृत्त करी. त्याच विमानात, सीटांमधल्या त्याच अरुंद वाटेने ट्रॉली ढकलणाऱ्या बाईसाठी त्यात तीन अटी होत्या. वयाची ३५ वर्षे पूर्ण झाली की निवृत्ती. नोकरीला लागल्यापासून चार वर्षांच्या आत लग्न केले की निवृत्ती. पहिल्यांदा दिवस गेले की निवृत्ती. तिन्हींतले जे आधी घडेल ते लागू. पुढच्या, ४७ क्रमांकाच्या नियमाने मॅनेजिंग डायरेक्टरच्या हाती एक सूट दिली होती : त्यांच्या मनात आले तर एकेका वर्षाने मुदत वाढवत तिला ४५पर्यंत ठेवता येई.

मराठीने या बाईला ‘हवाई सुंदरी’ म्हटले. शिक्षिका शिकवते, परिचारिका परिचर्या करते, टंकलेखिका टंकलेखन करते. ही कामावरून पडलेली नावे. हवाई सुंदरी काय करते ते तिच्या नावावरून कळत नाही, ती कशी दिसली पाहिजे एवढेच कळते. तिच्या बरोबरीच्या पुरुषाला कुणी ‘हवाई सुंदर’ म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. तो पर्सरच राहिला, आणि पर्सर हा मूळचा जहाजावरचा शब्द, पैशाचा हिशेब ठेवणाऱ्याचा. कुणाची नोकरी किती टिकणार हे या दोन नावांनीच अर्धे सांगून टाकले होते.

स्त्रीवादाच्या इतिहासात ‘समानता की भिन्नता’ असा एक जुना वाद आहे. उदारमतवादी स्त्रीवादाचे म्हणणे सरळ असते : कायद्याने माणूस पाहावा, बाई की पुरुष ते पाहू नये, जे नियम त्याला तेच तिला. त्यावर दुसरा पक्ष म्हणतो, बाईला मूल होते, घराचा भार तिच्यावर असतो. तिला पुरुषाच्याच मापाने मोजले तर ती दरवेळी कमीच भरणार. तेव्हा तिचे वेगळेपण मान्य करून कायद्याने तिला वेगळे काही द्यावे. हा वाद आपल्याकडे बहुधा अमेरिकन ग्रंथांच्या आधाराने शिकवला जातो. पण तो आपल्या दाराशीही घडला आहे. मुंबईत मुख्यालय असलेल्या एका सरकारी विमान कंपनीत तो चार दशकांहून अधिक काळ चालला, दोन्ही बाजूंना बायका होत्या, आणि पणाला लागली होती त्यांची नोकरीची वर्षे. निकालपत्रे ही कंटाळवाणी कागदपत्रे आहेत असा समज आहे. या प्रकरणाची निकालपत्रे तशी नाहीत.

सुरुवात १९६५च्या खोसला लवादापासून करता येते. न्या. जी. डी. खोसला यांच्यापुढे कंपनीची बाजू अशी होती, की विमानात तऱ्हेतऱ्हेच्या स्वभावाचे प्रवासी येतात. तरुण आणि आकर्षक मुलगी अवघड प्रसंग जितक्या सहज निभावते तितका थोराड बाईला निभावता येत नाही. लवादाने हे मान्य केले. १९७२च्या महेश लवादानेही वयाची अट हलवली नाही. मग १९७६ साली समान वेतनाचा कायदा आला आणि कंपनीची थोडी अडचण झाली असावी. १५ जून १९७९ रोजी केंद्र सरकारने एक अधिसूचना काढून जाहीर केले, की हवाई सुंदरी आणि त्यांचे पुरुष सहकारी यांच्या वेतनातला व सेवाशर्तींतला फरक लिंगावर आधारलेला नाही. दोघांच्या नोकरीच्या अटीच वेगळ्या आहेत. म्हणजे फरकाचे कारण काय, तर फरक. या अधिसूचनेला पुढे फार महत्त्व आले.

त्याच वर्षी, सप्टेंबरात, सर्वोच्च न्यायालयात सी. बी. मुथम्मा यांचा खटला लागला. १९४९ साली परराष्ट्र सेवेत आलेल्या त्या पहिल्या महिला अधिकारी. या सेवेतल्या बाईला लग्नासाठी सरकारची लेखी परवानगी लागे, पुरुषाला लागत नसे. न्या. कृष्णा अय्यर यांनी या नियमावर असे कोरडे ओढले की ते आजही अनेक ठिकाणी उद्धृत होतात. पण त्याच निकालात त्यांनी एक किलकिले दार ठेवले : सर्वच व्यवसायांत आणि सर्वच परिस्थितीत स्त्री-पुरुष समान असे आम्ही म्हणत नाही, कामाच्या गरजेमुळे काही निवड करावी लागू शकते. दोन वर्षांनी एअर इंडिया त्या दारातून आत आली.

नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी हवाई सुंदरींनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाकडे गेले आणि २८ ऑगस्ट १९८१ रोजी न्या. मुर्तझा फजल अली यांनी लिहिलेला निकाल लागला. या निकालातून प्रत्येकाने आपल्याला हवा तो तुकडा उचलला आहे. तो सलग वाचला तर मात्र त्याची गंमत कळते, आणि थोडा रागही येतो.

संविधानाच्या १५ आणि १६ या अनुच्छेदांत ‘केवळ’ असा एक शब्द आहे. केवळ लिंगाच्या कारणावरून भेदभाव करता येणार नाही. न्यायालयाने या ‘केवळ’वर बोट ठेवले. हवाई सुंदरींची भरती वेगळ्या पद्धतीने होते, त्यांची पात्रता वेगळी, बढतीची शिडी वेगळी, निवृत्तीचे लाभ वेगळे. तेव्हा त्या पर्सरांपेक्षा वेगळा वर्ग ठरतात आणि वेगळ्या वर्गाला वेगळे नियम लावणे हा ‘केवळ’ लिंगावरून केलेला भेद नव्हे. सरकारची १९७९ची अधिसूचनाही या कामी आली. आता ही वेगळी भरती, वेगळी पात्रता, वेगळी शिडी कुणी तयार केली? कंपनीनेच. एकाच घरात दोन मुलांना वेगवेगळ्या पंगतीत बसवायचे आणि मग पंगती वेगळ्या म्हणून वाढपही वेगळे, असे सांगायचे, त्यातला हा प्रकार आहे. भिन्नता इथे बाईच्या देहात सापडलेली नव्हती. ती नियमपुस्तिकेत लिहिलेली होती.

लग्नाच्या अटीबद्दलचा युक्तिवाद तर आज वाचवत नाही. चार वर्षे लग्न न करण्याची अट न्यायालयाने कायम ठेवली आणि त्याची कारणे दिली ती अशी : त्यामुळे मुलीची प्रकृती चांगली राहते, कुटुंबनियोजनाला हातभार लागतो, मुलगी विशीच्या थोडी पुढे जाऊन पुरती जाणती झाल्यावर केलेले लग्न यशस्वी होण्याचा संभव जास्त, शिवाय ही अट काढली तर नव्या मुली भरती करून तयार करण्याचा मोठा खर्च कंपनीवर पडेल. पर्सराने नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केले तर लोकसंख्या वाढत नाही काय, याचे उत्तर निकालपत्रात शोधून सापडत नाही.

गर्भारपणाची अट मात्र त्यांनी ताडकन उडवली. पहिल्यांदा दिवस जाताच नोकरी संपवणे ही क्रूरता आहे, भारतीय स्त्रीत्वाचा उघड अपमान आहे, असा त्यांचा सूर होता. हा तुकडा टाळ्या घेणारा आहे आणि परिणामाने तो फार मोलाचाही ठरला. पण तो कशाच्या जोरावर आला ते पाहावे. ‘पर्सर बाप झाला म्हणून त्याची नोकरी जात नाही, मग हिची का जावी?’ असा समानतेचा प्रश्न त्याच्या मुळाशी नाही. मातृत्व पवित्र आहे, ही भावना मुळाशी आहे. पावित्र्याच्या पोटी मिळालेले संरक्षण किती पुरते याचा दाखला त्याच निकालात आहे : दोन मुले हयात असताना तिसऱ्यांदा दिवस गेले तर नोकरी संपवावी, असा नियम केला तर तो योग्य ठरेल, असे न्यायालयाने सुचवून ठेवले. पहिले दोनदा पवित्र.

राहिले वय. तरुण आणि आकर्षक मुलगीच प्रवाशांना सांभाळू शकते, हे खोसला लवादाला पटलेले कारण न्यायालयाला पटले नाही. अनुभवी बाई तेच काम सौम्यपणे आणि चोख करू शकते असे त्यांनी मानले. तरीही ३५चा आकडा राहिला; फक्त मुदतवाढ देण्या-न देण्याची मॅनेजिंग डायरेक्टरची मर्जी रद्द झाली. व्यवहारात तब्येत ठीक असेल तर ४५. पुरुषाला ५८.

समुद्रापलीकडे याच प्रश्नावर काय चालले होते, हे पाहिल्याशिवाय आपल्या निकालाचे वेगळेपण ध्यानात येत नाही. अमेरिकेत १९६४च्या नागरी हक्क कायद्याने नोकरीतला लिंगभेद बेकायदा ठरवला आणि पहिल्या तक्रारी घेऊन जाणाऱ्यांत तिथल्या हवाई सुंदरी होत्या. १९७१मध्ये तिथल्या दोन अपील न्यायालयांनी दोन निकाल दिले. मेरी स्प्रोगिस यांना युनायटेड एअरलाइन्सने लग्न केले म्हणून काढले होते, त्या जिंकल्या. सेलिओ डियाझ या पुरुषाला पॅन ॲम कंपनीने, प्रवाशांना बायकाच आवडतात म्हणून, केबिनमधले काम नाकारले होते, तोही जिंकला. विमान कंपनीचा धंदा माणसे सुखरूप पोहोचवण्याचा आहे, रमवण्याचा नाही, असे न्यायालयाने सुनावले. दहा वर्षांनंतरचा आपला निकाल याच्या शेजारी ठेवला की उदारमतवादी समानतेची ताकद दिसते. ती ‘वेगळा वर्ग’ वगैरे भिंती एका धक्क्यात पाडते.

पण हीच समानता गर्भारपणापाशी अडखळली. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या आजारपणाच्या विमा योजनेत खेळताना झालेल्या दुखापतीसुद्धा बसत, बाळंतपण बसत नसे. १९७६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की यात लिंगभेद नाही; योजना स्त्री आणि पुरुष असा भेद करत नाही, गरोदर व्यक्ती आणि गरोदर नसलेल्या व्यक्ती असा करते! काँग्रेसला १९७८मध्ये कायदा दुरुस्त करावा लागला. आमच्या न्यायालयाला बाईचे आईपण दिसले पण बरोबरी दिसली नाही, त्यांच्या न्यायालयाला बरोबरीच दिसत राहिली आणि पोट दिसले नाही.

त्यानंतर लॉस एंजेलिसच्या लिलियन गारलँड यांचे प्रकरण आले. एका बँकेत त्या स्वागतिका होत्या. १९८२मध्ये बाळंतपणाहून परतल्या तर जागा भरलेली. कॅलिफोर्नियाचा कायदा बाळंतिणीला चार महिन्यांपर्यंत बिनपगारी रजा आणि परतीची हमी देत होता. बँक म्हणाली, हा पुरुषांवर अन्याय आहे. आणि इथे स्त्रीवाद्यांत उभी फूट पडली. ‘नाऊ’ या सर्वांत मोठ्या स्त्री संघटनेचे म्हणणे, की बायकांपुरती सवलत घातक आहे, द्यायची तर सर्व आजारी कर्मचाऱ्यांना द्या. त्या संघटनेच्या संस्थापक बेटी फ्रीडन मात्र गारलँड यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. ‘नाऊ’ची भीती पोकळ नव्हती. १९०८मध्ये ऑरेगन राज्यातल्या धुलाई कारखान्यांत बायकांच्या कामाची दहा तासांची मर्यादा न्यायालयाने कायम केली, तेव्हा सुधारकांनी तो मोठा विजय मानला होता. पण बाईच्या नाजूकपणाचे तिथे दिलेले दाखले पुढे कित्येक वर्षे तिला चांगल्या कामांपासून दूर ठेवायला वापरले गेले. आपल्याकडे १९४८च्या कारखाने कायद्याने बायकांना रात्रपाळी बंद केली तीही काळजीपोटीच. (रात्री-बेरात्री उडणाऱ्या हवाई सुंदरीची आणि रात्रभर जागणाऱ्या नर्सची काळजी मात्र कुणाला वाटली नाही. तिथे बायका नसत्या तर काम अडले असते.) गारलँड यांच्या बाजूने १९८७च्या जानेवारीत निकाल लागला : पुरुषालाही मूल होते आणि नोकरीही राहते, बाईलाही तसेच करता यावे एवढेच हा कायदा पाहतो.

१९८७च्या मार्चमध्ये दिल्लीत एक निकाल लागला, ज्याचा बोलबाला मिर्झा खटल्याइतका झाला नाही. व्हायला हवा होता. मुंबईतल्या मॅकिनन मॅकेन्झी या जहाज कंपनीत ऑड्री डिकोस्टा ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’ होत्या. १९७७मध्ये नोकरी गेल्यावर त्यांनी समान वेतनाच्या कायद्याखाली दावा केला : पुरुष स्टेनोंना आमच्याहून जास्त पगार मिळत होता. कंपनीचा बचाव ओळखीचा होता. लेडी स्टेनो हा वेगळा वर्ग आहे, त्यात बायकाच आहेत, तेव्हा तुलना कुणाशी करणार? दुसरे, संघटनेशी आमचा करार झालेला आहे. तिसरे, आम्हाला परवडत नाही. न्या. वेंकटरामय्या यांनी तिन्ही बचाव फेटाळले. एखाद्या जागी फक्त बायकाच घ्यायच्या आणि मग तिथे पुरुष नाहीत म्हणून कमी पगार द्यायचा, हे चालणार नाही. करार कायद्यापेक्षा मोठा नाही. मिर्झा खटल्यात जी पंगत मान्य झाली होती, ती सहा वर्षांनी त्याच न्यायालयाने मोडली. फक्त ती टंकयंत्रावरच्या बायकांची होती, विमानातल्या बायकांची नव्हे.

विमानातली गोष्ट पुढे निराळ्याच वळणाला गेली. लोकसभेच्या याचिका समितीकडे हवाई सुंदरींचे गाऱ्हाणे गेले आणि ऑक्टोबर १९८९मध्ये सरकारने कंपनीला निर्देश दिला, की त्यांचे निवृत्तीवयही ५८ करावे. कंपनीने केले, पण उडण्याचे वय आधी ४५ आणि मग ५० ठेवले; त्यापुढे जमिनीवरचे काम. १९९७मध्ये संघटनेशी करार झाला : नव्याने लागणाऱ्या स्त्री-पुरुषांना सारख्या शर्ती, सारखी कामे, आधी लागलेल्यांची कामे अदलाबदल होणार नाहीत. या जुन्या बायकांत दोन तट पडले. बढती घेत अधिकारी श्रेणीत पोहोचलेल्यांना ५८पर्यंत उडायचे होते आणि केबिनचे प्रमुखपदही हवे होते. त्या मुंबई उच्च न्यायालयात गेल्या आणि २००१मध्ये जिंकल्या. मग केबिन कर्मचाऱ्यांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि तिच्यामागे कामगार श्रेणीतल्या बऱ्याच हवाई सुंदरी होत्या. त्यांना ५०व्या वर्षी लाभांसह बाहेर पडण्याची मुभा हातची सोडायची नव्हती. पुरुषांत मिसळल्यावर ती जाईल अशी त्यांना धास्ती होती.

या दुसऱ्या तटाला मागासलेले ठरवण्याचा मोह होतो. मला तो होत नाही. तीस वर्षे रात्री जागून, दर आठवड्याला वेगळ्या देशाच्या घड्याळाशी जुळवून घेत, उभ्याने काम केलेल्या बाईने पन्नाशीत ‘पुरे’ म्हणावे, यात भिन्नतेचे तत्त्वज्ञान नाही, थकलेले गुडघे आहेत. ज्यांच्या हाती बढती होती त्यांना आणखी आठ वर्षे हवी होती. ज्यांच्यापुढे तीच ट्रॉली होती त्यांना सुटका हवी होती. पण एक प्रश्न कुणीच विचारलेला दिसत नाही. पुरुष पर्सराचे गुडघे थकत नव्हते का? पन्नाशीला सन्मानाने थांबायची मुभा त्यालाही का नको? ‘समान व्हायचे तर पर्सरासारखे ५८पर्यंत उडा, थकलात तर तुम्ही भिन्न’ असे दोनच रस्ते बायकांपुढे ठेवले गेले, कारण माप ठरलेले होते आणि ते पर्सराचे होते. ताराबाई शिंद्यांनी १८८२मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली तेव्हा त्यांनी नेमके उलट केले होते. बायकांच्या अंगी लावलेला एकेक दोष घेऊन त्यांनी पुरुषाला त्याच तराजूत घातले. तराजूत दोघांनाही बसवायचे असते, हे त्यांना कोणत्याही लवादाआधी कळले होते.

११ जुलै २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल फिरवला. पन्नाशीला उडणे थांबवून जमिनीवरचे काम किंवा निवृत्ती यातले एक निवडण्याची शर्त करारांतून आली आहे, बायकांच्या संमतीने आली आहे, आणि ती त्यांच्या फायद्याची आहे, तेव्हा ती भेदभाव नव्हे. करार कायद्यापेक्षा मोठा नाही, हे डिकोस्टा खटल्यातले वाक्य इथे कुठे गेले ते समजत नाही. शिवाय निवड ज्यांना नको होती त्यांच्यावरही ती लादली गेली. जिला थांबायचे आहे तिने थांबावे आणि जिला उडायचे आहे तिने उडावे, असे म्हणायला काय हरकत होती?

त्यानंतर केंद्र सरकारनेच निर्देश बदलून बायकांना पुरुषांप्रमाणे ५८पर्यंत उडण्याची मोकळीक दिली, आणि डिसेंबर २००५मध्ये एअर इंडियाने त्यांना विमानातल्या कर्मचाऱ्यांच्या प्रमुखाचे, म्हणजे इन-फ्लाइट सुपरवायझरचे काम देण्याचा आदेश काढला. आता न्यायालयात जाण्याची पाळी पुरुषांची होती. हे पद आमच्या शिडीचे आहे, बायकांची शिडी वेगळी आहे, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे १९८१चाच ‘वेगळा वर्ग’, या वेळी पर्सरांच्या तोंडून. दिल्ली उच्च न्यायालयात ते हरले आणि नोव्हेंबर २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयातही. सुपरवायझर हे शिडीवरचे पद नाही, त्या उड्डाणापुरते सोपवलेले काम आहे, आणि ते काम पुरुषांनीच करावे याला काही कारण नाही, असे न्यायालय म्हणाले.

मिर्झा खटल्याचा निकाल लागला तेव्हा बावीस वर्षांची असलेली हवाई सुंदरी त्या दिवशी बावन्न वर्षांची होती. सुपरवायझर म्हणून उडायला तिच्याजवळ सहा वर्षे होती.